संस्कृत शिकलेल्यांनी ग्रीककडे का बघावं ('चकार' मधल्या 'च' ची गोष्ट)

अनुस्वार

नमस्कार मंडळी. इंडो-युरोपीय भाषांचा, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी ज्या एका कुळातल्या त्यांचा विषय निघाला की गाडी लॅटिन, जर्मन नाहीतर फारसीवर जाते आणि ग्रीक बाजूलाच राहते. ग्रीक म्हटलं की तत्त्वज्ञ आठवतात, सिकंदर आठवतो, गणितातले थीटा आणि पाय आठवतात, भाषा म्हणून तिच्याकडे कोणी बघतच नाही. माझं ठाम मत आहे की ज्यांनी शाळेत दोन-तीन वर्षं का होईना संस्कृत घेतलं होतं त्यांच्यासाठी या अख्ख्या कुळात ग्रीकइतकी उपयोगाची दुसरी भाषा नाही. का ते सांगतो.

आधी शाखेबद्दल थोडक्यात. भारत-इराणी शाखेत शेकडो भाषा, जर्मानिकमध्ये इंग्रजी, डच, जर्मन, स्वीडिश अशी भावंडं, आणि ग्रीकची शाखा म्हणजे एकटी ग्रीक. आर्मेनियन आणि आल्बेनियनचंही तसंच. पण इ.स.पू. १४०० च्या आसपासच्या मातीच्या पाट्यांपासून आजच्या अथेन्सच्या वर्तमानपत्रांपर्यंत तिचा लेखी माग मिळतो, मध्ये काही शतकं मुख्य ग्रीसमध्ये लिहिणंच बंद पडलं होतं तो खंड सोडला तर. युरोपात एवढा लांब लेखी इतिहास दुसऱ्या कुठल्याच भाषेचा नाही.

आता मुद्दा. कृ धातूचं परोक्ष भूतकाळाचं रूप चकार, गम् चं जगाम, हन् चं जघान, हे आपण सगळ्यांनी घोकलंय. धातूची सुरुवात दोनदा येते, पण पुढच्या जागी क चा च होतो, ग चा ज होतो. पाणिनीने सूत्रच दिलंय, कुहोश्चुः. नियम पक्का. पण का होतो असं? संस्कृतच्या आत बसून याचं उत्तर सापडत नाही, कारण च मध्येही अ आणि पुढे का मध्ये आ, मग एकीकडे च आणि दुसरीकडे क कशासाठी?

ग्रीकमध्ये जा. तिथली अशीच रूपं म्हणजे लेलोइपा, गेगोना, देदोर्का. देदोर्का म्हणजे आपलं ददर्श, जसंच्या तसं. नीट बघा, पुढच्या द्विरुक्त अक्षरात ऱ्हस्व ए आहे आणि धातूत ओ आहे, दरवेळी. म्हणजे या सगळ्या भाषा जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेत चकारच्या पहिल्या अक्षरात ए होता. ए च्या आधी क म्हणायला गेलं की जीभ पुढे सरकते आणि हळूहळू त्याचा च होतो, ओ च्या आधी तसं होत नाही. संस्कृतने (खरं तर तिच्याही आधीच्या भारत-इराणी टप्प्यात) आधी क चा च केला आणि मग ऱ्हस्व ए, ओ, अ हे तिन्ही स्वर एकट्या अ मध्ये मिसळून टाकले. स्वर गेला पण त्याने केलेलं काम व्यंजनावर तसंच राहिलं. १८७० च्या दशकात हे बऱ्याच अभ्यासकांच्या जवळजवळ एकाच वेळी लक्षात आलं, तोपर्यंत संस्कृतचा अ हाच मूळचा आणि ग्रीकचे ए-ओ मागाहूनचे असंच मानायचे.

दुसरं उदाहरण याहून भारी आहे. धा चं लुङ् (भूतकाळाचा एक प्रकार) आत्मनेपदी रूप अधित, दा चं अदित, आणि स्था पासून स्थित. आ जाऊन तिन्हीकडे इ येतो, कुठून येतो काही पत्ता नाही. ग्रीकमध्ये अधित म्हणजे एथेतो, अदित म्हणजे एदोतो, आणि स्थित म्हणजे स्तातोस. आपल्याकडे एकच इ आणि त्यांच्याकडे ए, ओ, आ असे तीन वेगळे स्वर! स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने १८७९ सालच्या प्रबंधात यावरून मांडलं की मूळ भाषेत असे काही ध्वनी होते जे नंतर सगळीकडे नाहीसे झाले, फक्त शेजारच्या स्वरावर खूण ठेवून गेले. वय तेव्हा एकवीस. पुढे आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती भाषेच्या पाट्या वाचता आल्या आणि १९२७ मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविचने दाखवून दिलं की त्यातला एक तरी ध्वनी हित्तीत ह सारखा लिहिलेला अजून शाबूत आहे. आज या ध्वनींना लॅरिंजियल म्हणतात, आणि ते तीन होते हे मुख्यतः ग्रीकमुळे कळतं.

आता उलट बाजू. ग्रीकने व्यंजनांची पार वाट लावली. शब्दाच्या सुरुवातीच्या स चा ह झाला (सप्त म्हणजे हेप्ता, स्वप्न म्हणजे हुप्नोस), दोन स्वरांमधला स तर गायबच झाला (जनसः म्हणजे गेनेओस). भ, ध, घ यांचे फ, थ, ख झाले, भरामि चं फेरो आणि धूम चं थुमोस. व पुसला गेला. हे सगळं संस्कृतने जपलंय. म्हणून स्वर विचारायचे ग्रीकला आणि व्यंजनं विचारायची संस्कृतला. एकीवाचून दुसरी अर्धीच कळते असं मला मनापासून वाटतं.

रानजाई

वा, मस्त धागा. चकार मी इतकी वर्षं पाठ म्हणतेय आणि च का हा प्रश्न कधी पडलाच नाही. अजून येऊ द्या.

वैशाखवणवा

माहिती चांगली आहे पण निष्कर्ष पटला नाही. व्यंजनं संस्कृतने जपली, रूपं संस्कृतने जपली, मग सरळ म्हणा ना की संस्कृतच मूळ आणि ग्रीक तिच्यातून निघाली. ती काल्पनिक मूळ भाषा मध्ये कशाला हवी?

अनुस्वार

वैशाखवणवा, प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर वरच्याच उदाहरणात आहे. समजा ग्रीक संस्कृतातून निघाली. मग अष्ट चं ओक्तो, भरामि चं फेरो आणि अजामि चं आगो, या तिन्हींत संस्कृतला सुरुवातीला एकच अ आहे, तर ग्रीकांना कुठे ओ, कुठे ए आणि कुठे आ करायचं हे कळलं कसं? बरं, त्यांनी मनाने ठरवलं म्हणावं तर तेच स्वर लॅटिनमध्येही त्याच जागी सापडतात, ओक्तो, फेरो, आगो. आणि त्यांनी ए ठेवला नेमका तिथेच जिथे संस्कृतात क चा च झालाय, हा योगायोग म्हणायचा का?

उलटंही होत नाही, म्हणजे ग्रीकमधून संस्कृत निघाली असंही नाही. गेनेओस मधून जनसः चा मधला स परत कुठून आणणार? म्हणून या दोघी बहिणी, आणि आई लेखी स्वरूपात शिल्लक नाही. यात संस्कृतचा मान कणभरही कमी होत नाही, उलट या शास्त्राची घडी बसली ती संस्कृत व्याकरण युरोपात पोचल्यावरच.

वैशाखवणवा

अष्ट-ओक्तो-अजामिचा मुद्दा मान्य आहे, यावर माझ्याकडे उत्तर नाही. वाचतोय पुढे.

पाटीपेन्सिल

मातीच्या पाट्यांचा उल्लेख आलाय म्हणून लिहिते, माझा आवडता विषय. क्रीट बेटावर क्नोसोसला १९०० साली पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सला या पाट्या मिळाल्या, नंतर १९३९ मध्ये मुख्य भूमीवर पायलोसला ब्लेगन या दुसऱ्या पुरातत्त्वज्ञाला मिळाल्या. लिपीला लिनियर बी म्हणतात. साधारण नव्वदेक अक्षरचिन्हं, शिवाय वस्तूंची चित्रं आणि आकडे. अॅलिस कोबर या अमेरिकन प्राध्यापिकेने शब्दांचे शेवट बदलतात, म्हणजे ही विभक्ती असलेली भाषा आहे, हे वर्षानुवर्षं कागदाचे कपटे लावून लावून सिद्ध केलं आणि १९५० मध्ये त्या वारल्या, वाचन बघायला राहिल्या नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने वाचन केलं. हा माणूस पेशाने आर्किटेक्ट, आणि ग्रीक निघेल असं त्याला स्वतःलाही वाटत नव्हतं, तो इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन भाषेच्या मागे होता.

पुष्कळांचा विश्वास बसला नव्हता. मग पायलोसहून निघालेली एक पाटी ब्लेगनने नव्या वाचनाप्रमाणे वाचून बघितली, व्हेंट्रिसने वाचन केलं तेव्हा ती त्याने पाहिलेलीच नव्हती. पाटी म्हणजे भांड्यांची यादी, प्रत्येक नोंदीपुढे भांड्याचं चित्र. तीन पायांच्या भांड्यापुढे अक्षरं निघाली ति-रि-पो, म्हणजे त्रिपद. दोन असतील तिथे ति-रि-पो-दे, म्हणजे द्विवचन, आपलं द्विवचन! पुढे पेले आहेत. क्वे-तो-रो-वे लिहिलंय तिथे चित्रातल्या पेल्याला चार कान, ति-रि-ओ-वे ला तीन कान, आणि आ-नो-वे ला कानच नाही. क्वेतोरो म्हणजे चतुर्, तिरि म्हणजे त्रि, आन् म्हणजे आपला नकाराचा अन्. आणि ओवे म्हणजे खरोखर कान, कढईचे कान म्हणतो तसंच. पायलोसच्या कुठल्या तरी कोठारातल्या कारकुनाने तीन हजार दोनशे वर्षांपूर्वी तसंच लिहून ठेवलंय. मी ही पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्री झोप आली नव्हती.

या पाट्या भाजून ठेवलेल्या नव्हत्या बरं का, उन्हात वाळवलेल्या कच्च्या. राजवाडा जळला त्यात त्या भाजल्या म्हणून टिकल्या.

अनुस्वार

पाटीपेन्सिल ताई, फारच सुंदर प्रतिसाद. यात भर म्हणजे त्या क्वे कडे बघा. पाट्यांवर 'आणि' म्हणायला शब्दाच्या मागे क्वे लावतात. लॅटिनमध्येही क्वे. नंतरच्या ग्रीकमध्ये तो ते झाला, आणि आपल्याकडे च. पिता च माता च मधला च. च-ते-क्वे हे एकच आहेत, आणि पाट्या सापडायच्या कितीतरी आधी अभ्यासकांनी इथे क्व सारखा ध्वनी असणार असं नुसत्या तुलनेवरून सांगून ठेवलं होतं.

गणकयंत्र

एक शंका. संस्कृतात भू चं भभूव न होता बभूव होतं आणि धा चं धधामि न होता दधामि होतं. ग्रीकमध्येही असंच होतं असं कुठेतरी वाचलंय, तितेमी का काहीतरी. मग हा नियम मूळ भाषेतलाच म्हणायचा का? दोघींत सारखा आहे म्हणजे आईकडून आला असणार.

अनुस्वार

तितेमी नाही, तिथेमी. दधामि चाच जुळा भाऊ. हा ग्रासमानचा नियम, १८६३ चा. हे ग्रासमान गणितज्ञ, आणि ऋग्वेदाचा मोठा कोशही त्यांनीच केला. नियम असा की लागोपाठ दोन महाप्राण (ख, घ, थ, ध, फ, भ असे ह-कार मिसळलेले ध्वनी) आले की पहिल्याचा ह-कार गळतो.

पण दोघींत सारखा दिसला म्हणून आईकडून आला असं मात्र नाही, आणि पुरावा तुमच्या भू मध्येच आहे. भू चं ग्रीक रूप पेफुका, आपलं बभूव. मूळ भाषेतच भ चा ब झाला असता तर ग्रीकमध्ये तो ब च राहिला असता आणि बेफुका मिळालं असतं. मिळतं पेफुका. म्हणजे ग्रीकने आधी भ चा फ केला, मग फेफुका मधल्या पहिल्या फ चा प झाला. दोघींनी आपापल्या घरी स्वतंत्रपणे केलंय हे.

शेवंता

अनुस्वार दादा, मग आपल्या मराठीतही हेच झालंय का? हिंदीत हाथ, भूख, भीख आणि आपण हात, भूक, भीक.

अनुस्वार

शेवंता, बरोबर पकडलंस. एका शब्दात दोन महाप्राण नकोत हीच ओढ, फक्त इथे दुसऱ्याचा ह-कार गळला. अर्थात मराठीत शिकणे, सीखना अशाही जोड्या आहेत जिथे आधी महाप्राण नाही, तेव्हा सगळं श्रेय या एकाच कारणाला देऊ नये.

उच्चारावरून आठवलं, प्राचीन ग्रीकचे प-फ, त-थ, क-ख हे भेद युरोपातल्या विद्यार्थ्यांना जीभ वळवून शिकावे लागतात आणि आपल्याला जन्मतः येतात. जुना फ म्हणजे फळ मधला फ. आजच्या ग्रीकमध्ये तो फॅन मधला फ झालाय.

गलबत

आजच्या ग्रीकबद्दल थोडं माझ्याकडून. मी मर्चंट नेव्हीत, ग्रीक मालकाच्या बोटीवर बरीच वर्षं काढली, पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, जाणं-येणं असायचं. नव्याने येणाऱ्या आपल्या पोरांना पहिली गोष्ट हीच सांगायचो की ग्रीक माणूस ने म्हणाला म्हणजे हो. नाही ला ओही. आपल्या कानाला ने म्हणजे नाहीच वाटतं आणि इंजिन रूममध्ये असा घोळ परवडत नाही. बाकी आकडे ऐकताना मजा वाटायची, त्रिया, पेंदे, एफ्ता, ओख्तो, देका. हे तुमचे त्रीणि, पञ्च, सप्त, अष्ट, दश ना?

अनुस्वार

तेच, गलबत काका. आणि एफ्ता मध्ये बघा, स चा ह झाला होता, आता तो ह पण गेला.

रानजाई

शाखेत एकटी ग्रीक म्हणता, पण बोली असतील ना? आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, तिथे बदलली नाही का?

अनुस्वार

बदलली तर. प्राचीन काळी अॅटिक-आयोनिक, डोरिक, एओलिक, आर्केडो-सायप्रियट अशा ठळक बोली होत्या, मॅसेडोनियातल्या पेल्ला इथे १९८६ मध्ये एक शापपत्र सापडलं तेही वायव्येकडच्या डोरिकसारख्या बोलीत. सिकंदरानंतर अॅटिकवर आधारलेली कोइने सगळीकडे पसरली आणि बाकीच्या बोली तिने गिळल्या. आजच्या जवळजवळ सगळ्या बोली कोइनेच्याच लेकी. अपवाद त्साकोनियन, पेलोपोनीजच्या पूर्व किनाऱ्यावर लेओनिदिओच्या आसपास बोलतात, तिच्यात जुन्या स्पार्टाच्या डोरिकची हाडं अजून आहेत. आईला प्रमाण ग्रीकमध्ये मितेरा, त्साकोनियनमध्ये माती, डोरिकचा जुना आ तसाच. बोलणारे म्हातारे होत चाललेत.

अपवाद नसली तरी सांगावी अशी दुसरी बोली रोमेइका. तुर्कस्तानात त्राब्झोनजवळच्या डोंगराळ गावांत मुसलमान लोक ही ग्रीक बोलतात. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकांची अदलाबदल केली ती भाषा बघून नाही, धर्म बघून. त्यामुळे तुर्की बोलणारे ख्रिश्चन ग्रीसमध्ये पाठवले गेले, क्रीटचे ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात आले, आणि रोमेइकावाले मुसलमान म्हणून जागेवरच राहिले. प्रमाण ग्रीकमधून तुमन्त रूप (आपलं करायला, जायला असं) केव्हाच नाहीसं झालंय, रोमेइकामध्ये ते अजून वापरात आहे. शाळा नाही, लिपी नाही, घरात टिकेल तेवढीच. मला याची फार हळहळ वाटते, कारण ही बोली गेली तर त्या रूपाचा एक जिवंत वापर जाईल.

रानजाई

आणि कथारेवुसाचं प्रकरण? मी थोडं वाचलंय. १९०१ मध्ये बायबलचं बोलीभाषेतलं भाषांतर वर्तमानपत्रात यायला लागलं म्हणून अथेन्समध्ये दंगल झाली आणि आठ माणसं मेली. भाषेसाठी! कथारेवुसा म्हणजे मुद्दाम शुद्ध केलेली पुस्तकी ग्रीक, ती १९७६ पर्यंत सरकारी भाषा होती. मग १९८२ मध्ये अक्षरांवरची तीन प्रकारची स्वरचिन्हं काढून एकच ठेवलं. उच्चारात काहीच उरलं नव्हतं, पोरं नुसती घोकत होती. हे वाचताना आपल्याकडचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आठवले, अनुच्चारित अनुस्वार काढले ते.

जुन्नरकट्टा

धागा ग्रीसमध्येच फिरतोय म्हणून आमच्याकडचं सांगतो. जुन्नरच्या लेण्यांत यवनांचे दानलेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, लेखात शब्द पोढी. चिट नावाच्याने भोजनमंडप दिला. कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं आहेत. सगळे लेख प्राकृतात, ब्राह्मीत. हे ग्रीकच ना?

अनुस्वार

यवन हा शब्द तोवर पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही लावत होते, आणि कार्ल्याची कितीतरी नावं चक्क इथली आहेत, त्यामुळे प्रत्येक जण घरी ग्रीक बोलत होता असं म्हणता येत नाही. पण शब्द मात्र ग्रीकच, आयोनियन लोकांचं नाव. क्नोसोसच्या एका पाटीवर इ-या-वो-ने असं आलंय. पुढे आयोनियन ग्रीकांनी स्वतःच्याच नावातला व टाकून दिला, आणि आपल्या यवन मध्ये तो अजून आहे.

आपल्या भागाचं खरं सोनं पेरिप्लस या ग्रीक पुस्तकात आहे. पहिल्या शतकातलं, साध्या व्यापारी कोइनेत लिहिलेलं बंदरांचं वर्णन, त्यात सोपारा, कल्याण, पैठण, तगर म्हणजे आपलं तेर, सगळे आहेत. भरूचच्या दक्षिणेच्या मुलखाला तो दखिनाबदेस म्हणतो आणि लिहितो की इथल्या भाषेत दक्षिणेला दखनोस म्हणतात. ख लिहिलाय बघा. क्ष ऐकला असता तर ग्रीकमध्ये क्स ला स्वतंत्र अक्षर आहे, तक्षशिलेला ते ताक्सिला लिहितातच. म्हणजे त्याच्या कानावर प्राकृतातला दक्खिण पडला, संस्कृत दक्षिण नाही. सातवाहनांच्या काळात आपल्याकडे लोक काय बोलत होते याची साक्ष एक परका माणूस देतोय, आणि दख्खन आपण अजून म्हणतोच.

जुन्नरकट्टा

हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी नाणेघाटात मित्रांना घेऊन जाईन तेव्हा हे नक्की सांगणार.

शेवंता

मी वरचे नियम लावून एक शब्द करून बघितला, तपासा प्लीज. स्नुषा. ग्रीकमध्ये न च्या आधीचा स गेला, दोन स्वरांमधला पण गेला, म्हणजे नुआ राहायला हवं. आमची मराठीतली सून तीच ना?

अनुस्वार

सून तीच. आणि व्यंजनं अगदी बरोबर गाळलीस. फक्त ग्रीक शब्द नुआ नाही, नुओस. स्त्रीलिंगी असूनही शेवट ओस चा, जो एरवी बहुतेक पुरुषांच्या नावांना लागतो. जुना शेवट हाच असावा असं मानतात, कारण पुल्लिंगी दिसणारा शेवट मुद्दाम कोणी सुनेला लावणार नाही. संस्कृतने मात्र बाई आहे म्हणून इतर स्त्रीलिंगी शब्दांसारखा आ लावून स्नुषा करून घेतलं. त्यामुळे या एका शब्दात दोन्ही स संस्कृतने सांभाळले आणि शेवट ग्रीकने.